जुना किट ॲम्प्लिफायर मिळालाय? प्लग लावण्याआधी हे वाचा

जुन्या ऑडिओ सामानाच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास दिसतं : 'चालू कंडिशनमध्ये आहे.' कारखान्यात बनलेल्या ॲम्प्लिफायरसाठी या वाक्याला थोडाफार अर्थ असतो. किटमधून घरी जोडलेल्या पॉवर ॲम्प्लिफायरसाठी मात्र तो जवळपास शून्य. कारण अशा ॲम्प्लिफायरचे निर्माते दोन असतात. एक, ज्या कंपनीने सर्किट आखलं आणि सुटे भाग डब्यात भरून पाठवले ती. दुसरा, साठ वर्षांपूर्वी कुठल्यातरी घरात टेबलावर बसून ते भाग सोल्डर करणारा एक अनोळखी माणूस. कंपनीचं काम कसं होतं हे कागदावर वाचता येतं. त्या माणसाने काय केलंय हे फक्त चॅसी उलटी केल्यावर कळतं.

आणि चॅसी उलटी करण्याआधी प्लग लावला, तर दोन गोष्टी होऊ शकतात. आतला सगळ्यात महाग भाग जळू शकतो, किंवा हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. व्हॉल्व्हच्या पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं. हा आकडा लक्षात ठेवून पुढचं वाचा.

किटमध्ये नेमकं काय यायचं?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दोन गोष्टी एकाच वेळी मुबलक झाल्या. लष्कराने विकायला काढलेले इलेक्ट्रॉनिक भाग, आणि सैन्यात रेडिओचं काम शिकून परत आलेली माणसं. मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बरच्या हीथ कंपनीने हे बरोबर हेरलं. गंमत म्हणजे या कंपनीचा मूळ धंदा विमानांचा होता, आणि तिथेही ती विमानाचं किट विकायची! १९४७ मध्ये तिने युद्धातल्या उरलेल्या भागांमधून ऑसिलोस्कोपचं किट काढलं आणि 'हीथकिट' हे नाव घरोघरी पोहोचलं.

त्याच वर्षी ब्रिटिश अभियंता डी. टी. एन. विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एका ॲम्प्लिफायरचं सर्किट छापलं. आवाजातली विकृती इतकी कमी की जगभरच्या हौशी लोकांनी ते उचललं. हीथकिटचे सुरुवातीचे नावाजलेले पॉवर ॲम्प्लिफायर याच विल्यमसन घराण्यातले.

पण किट ॲम्प्लिफायर म्हटलं की जगभर जे नाव आधी निघतं ते डायनाको स्टिरिओ ७०. फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने १९५९ मध्ये तो बाजारात आणला. कंपनीचे संस्थापक डेव्हिड हॅफलर आणि त्यांचे सहकारी एड लॉरेंट यांचं हे काम. दर चॅनलला ३५ वॅट आणि किटची किंमत ९९ डॉलर ९५ सेंट. हॅफलर यांनी हर्बर्ट केरोस यांच्यासोबत १९५१ मध्येच 'अल्ट्रा-लिनिअर' पद्धत लोकप्रिय केली होती. पद्धतीचं मर्म आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत आहे, त्यामुळे डायनाकोचा सगळा जीव ट्रान्सफॉर्मरमध्ये. हे पुढे दुरुस्तीच्या वेळी फार उपयोगी पडतं.

डायनाकोने आणखी एक शहाणपणा केला. नवख्या माणसाच्या हातून बिघडण्याची सर्वात जास्त शक्यता असलेला भाग, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्याचा सर्किट बोर्ड, कारखान्यातूनच तयार करून दिला. ग्राहकाने ट्रान्सफॉर्मर बसवायचे, सॉकेट बसवायचे आणि वायरी जोडायच्या. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी सोल्डरिंग केलं नव्हतं त्यांनीही हा ॲम्प्लिफायर बांधला. आज हाती येणारे कित्येक नग अशाच पहिलटकरांचे आहेत.

नाव पुसलेलं असेल तर ओळखायचं कसं?

नावाच्या पट्टीवर विसंबू नका. पट्टी पडते, चिकटवताही येते. आधी वर दिसणारे व्हॉल्व्ह मोजा आणि त्यांच्यावरचे नंबर वाचा. स्टिरिओ ७० मध्ये चार ईएल३४ म्हणजे पॉवरचे व्हॉल्व्ह, दोन ७१९९ आणि एक जीझेड३४, जो एसीचं डीसी करतो, असे सात असतात. तिन्ही ट्रान्सफॉर्मर मागच्या बाजूला रांगेत. पुढच्या पट्टीवर इनपुट, स्टिरिओ-मोनोची सरकती कळ आणि दोन आठ पिनी सॉकेट. ही दोन सॉकेट फार बोलकी खूण आहेत. प्री-ॲम्प्लिफायरला वीज देण्यासाठी आणि एक ठरावीक व्होल्टेज मोजण्यासाठी ती दिली होती.

एकाच मोठ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरसोबत दोन केटी८८ किंवा ६५५० दिसले, तर डायनाकोचा मोनो, ६० वॅटचा मार्क ३ असू शकतो. दोन केटी६६ असलेला मोनो नग हीथकिटचा डब्ल्यू-५एम असण्याची शक्यता तपासावी. फक्त ईएल३४ चार आहेत म्हणून स्टिरिओ ७० म्हणू नका. न्यूयॉर्कच्या आयको कंपनीच्या एचएफ-८७ मध्येही चारच आहेत. शिवाय सॉकेटमध्ये आज जो व्हॉल्व्ह बसलाय तोच मूळचा होता याचीही खात्री नाही. काही व्हॉल्व्हच्या पिना एकमेकांशी जुळतात आणि मधल्या साठ वर्षांत कुणीतरी हाताला लागला तो बसवलेला असतो.

म्हणून खरी ओळख ट्रान्सफॉर्मरवरून. डायनाकोच्या ट्रान्सफॉर्मरवर नंबर असायचे. ए-४७० म्हणजे स्टिरिओ ७० चा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ए-४३१ म्हणजे मार्क ३ चा, पीए-०६० म्हणजे स्टिरिओ ७० चा पॉवर ट्रान्सफॉर्मर. इथेही एक मेख आहे. डायनाको हे आउटपुट ट्रान्सफॉर्मर सुटेही विकायची. म्हणजे कुणीतरी स्वतःच्या डोक्याने, स्वतः कापलेल्या पत्र्यावर बांधलेला ॲम्प्लिफायर आत अस्सल ए-४७० घेऊन बसलेला असू शकतो. तो डायनाकोचा ॲम्प्लिफायर नाही. पण टाकाऊसुद्धा नाही.

उलटही घडतं. स्टिरिओ ७० ची नवी चॅसी, नवे बोर्ड, नव्याने गुंडाळलेले ट्रान्सफॉर्मर हे सगळं आजही परदेशात विकत मिळतं. त्यामुळे '१९६० चा' म्हणून दाखवलेला चकचकीत नग प्रत्यक्षात दहा वर्षांपूर्वी जोडलेला असू शकतो. तो आवाजाला वाईट असेल असं नाही, पण जुन्या नगाचे पैसे त्याला देऊ नयेत.

तारीख कुठे लिहिलेली असते?

अमेरिकन भागांवर सहा-सात आकड्यांचा एक छाप असतो. पहिले तीन आकडे कारखान्याचे, उरलेले वर्ष आणि आठवड्याचे. समजा एखाद्या व्हॉल्यूम कंट्रोलवर १३७६२२३ असं दिसलं. १३७ हा सीटीएस कंपनीचा आकडा, ६२ म्हणजे १९६२, आणि २३ म्हणजे त्या वर्षाचा तेविसावा आठवडा. काही छापांमध्ये वर्षाचा एकच आकडा असतो. मग दशक इतर भागांवरून ठरवावं लागतं.

पण यावरून ॲम्प्लिफायर कधी बांधला हे कळत नाही. तो कधीच्या आधी बांधला गेला नसणार, एवढंच कळतं. सगळ्यात अलीकडच्या तारखेचा मूळ भाग शोधायचा, ती झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा नाही, कारण किटचा डबा माळ्यावर चार वर्षं पडून राहायला कुणाची हरकत नव्हती. आणि बाकी सगळे भाग १९६१ चे असताना एक कपॅसिटर १९७८ चा दिसला, तर तारीख नव्हे, दुरुस्ती सापडली असं समजावं. त्याच्या आजूबाजूला जास्त बारकाईने बघावं.

मूळ मॅन्युअल सोबत मिळालं तर ते सोन्याहून पिवळं. किटच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक पायरीपुढे खूण करायला जागा असायची आणि बांधणारा पेन्सिलने टिक करत जायचा. हीथकिटच्या पुस्तिकेत तर प्रत्येक जोडाला संकेत होता. 'एनएस' म्हणजे अजून सोल्डर करू नका, इथे आणखी वायर यायची आहे. 'एस-२' म्हणजे आता करा, इथे दोन वायरी असायला हव्यात. टिक न केलेली पायरी दिसली की आधी तो जोड तपासायचा.

चॅसीखाली काय शोधायचं?

आता ॲम्प्लिफायर उलटा करायचा. पण तो नुकताच कुणी चालू करून दाखवला असेल तर थांबा. वीज काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि व्हॉल्व्ह काढून ठेवलेले असतील तर तो जिरवायला वाटच नसते. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या वायरीला जोडून कपॅसिटरच्या प्रत्येक टोकापासून चॅसीपर्यंत काही सेकंद धरायचा, मग मल्टिमीटरने शून्य आल्याची खात्री करायची. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून 'डिस्चार्ज' करायची पद्धत अनेक दुकानांत दिसते. ती कपॅसिटरलाही वाईट आणि माणसालाही. मोजमाप करताना एक हात खिशात ठेवायचा हा जुना नियम, कारण दोन हातांमधून जाणारा करंट छातीतून जातो. ज्यांनी याआधी फक्त १२ व्होल्टवर काम केलंय त्यांनी इथे एकट्याने सुरुवात करू नये.

मग फोटो. भरपूर. प्रत्येक कोपऱ्याचे. एकही वायर हलवण्याआधी.

यानंतर सर्किटची आकृती समोर ठेवून एकेक वायर बोटाने पडताळायची. कंटाळवाणं काम आहे, पण किट ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीतला सगळ्यात जास्त फायद्याचा तास हाच. कारखान्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये वायरिंग बरोबर आहे असं धरून भाग तपासतात. इथे ते गृहीतच धरता येत नाही. सर्वात जास्त सापडणारी चूक म्हणजे न केलेलं सोल्डरिंग. वायर टर्मिनलला नुसती गुंडाळलेली, वर थेंब पडलेलाच नाही. अशी जोडणी नवीन असताना उत्तम चालते, कधी कधी वीस-तीस वर्षंही चालते. मग धातूवर गंज चढतो आणि ॲम्प्लिफायर गरम झाला की कर्रर्र सुरू होतं. दुसरी चूक म्हणजे मळकट, दाणेदार दिसणारा जोड, ज्यात सोल्डर वितळलं पण धातूला चिकटलं नाही. तिसरी म्हणजे रेझिस्टरच्या रंगपट्ट्या वाचताना झालेला घोळ. लाल आणि नारिंगी यात गल्लत झाली की किंमत थेट दहापट बदलते.

हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर नळकामाचं ॲसिड असलेलं सोल्डर वापरलेलं असू शकतं. ते तांबं हळूहळू खातं. हीथकिटने तर असं सोल्डर वापरल्यास वॉरंटी रद्द, असं मॅन्युअलमध्येच बजावलं होतं. असा नग मिळाला तर पैसे कमी द्या. एकेक जोड साफ करून पुन्हा करावा लागतो.

आणखी एक चूक फक्त ऐकूनच कळते. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या, तर विकृती कमी करण्यासाठी मागे पाठवलेला सिग्नल ती वाढवायला लागतो आणि ॲम्प्लिफायर भोंग्यासारखा ओरडतो. बांधणाऱ्याने हे त्याच वेळी दुरुस्त केलं असणार. पण मध्ये कुणी ट्रान्सफॉर्मर बदलला असेल तर शक्यता पुन्हा उभी राहते. म्हणूनच पहिली चाचणी आवडत्या स्पीकरवर कधी करायची नाही.

एक छोटा कपॅसिटर मोठा ट्रान्सफॉर्मर कसा जाळतो?

'चालू आहे' या वाक्यावर भरवसा का ठेवू नये, याचं खरं कारण इथे आहे.

ईएल३४ च्या ग्रिडवर उणे व्होल्टेज दिलेलं असतं. तो एक प्रकारचा ब्रेक समजा. ब्रेक जितका घट्ट, तितका व्हॉल्व्हमधून करंट कमी. या ग्रिडपर्यंत संगीताचा सिग्नल पोहोचवायला ०.१ मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर असतो. त्याच्या एका बाजूला आधीच्या टप्प्याचं जास्तीचं डीसी, दुसऱ्या बाजूला ग्रिड. त्याने सिग्नल जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचं.

साठ वर्षांनी हा कपॅसिटर थोडं डीसी गळू देतो. थोडंच. ग्रिडवरचं उणे व्होल्टेज कमी होतं, ब्रेक सैल पडतो, व्हॉल्व्हमधला करंट वाढतो. व्हॉल्व्ह तापतो, आतली पत्र्याची प्लेट लालभडक होते, आणि तो सगळा करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या बारीक तारेतून जातो. तार तुटली की संपलं. हे सगळं गाणं वाजत असतानाच होऊ शकतं. आवाजात फरक जाणवेपर्यंत दहा मिनिटं गेलेली असतात. विकणाऱ्याने व्हिडिओमध्ये दोन मिनिटं वाजवून दाखवलं, तेव्हा खरोखरच सगळं ठीक होतं.

दुसरा रस्ता त्याच दरीत जातो. उणे व्होल्टेज तयार करायला त्या काळात सेलेनियमचा रेक्टिफायर वापरायचे. सेलेनियम म्हातारं झालं की कमी व्होल्टेज देतं, म्हणजे चारही व्हॉल्व्हचा ब्रेक एकदम सैल. आणि ते जळलं तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो धूर विषारी आहे, खोलीतून बाहेर पडा. त्याजागी आजचा साधा सिलिकॉन डायोड, १एन४००७ चालतो. फक्त डायोडवर व्होल्टेज कमी खर्ची पडतं, त्यामुळे नंतरच्या रेझिस्टरच्या किमती जुळवून घ्याव्या लागतात.

म्हणून किंमत ठरवण्याआधी मल्टिमीटर घेऊन, वीज न लावता, आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोजायचे. मधल्या टोकापासून दोन्ही व्हॉल्व्हकडे जाणारे दोन आकडे साधारण जवळपास यायला हवेत. तंतोतंत सारखे नाही आले तरी घाबरू नका, आतली आणि बाहेरची गुंडाळी यांच्या तारेची लांबी वेगळी असते. एका बाजूला काहीच आलं नाही तर ती तुटलेली आहे. दोन्ही ए-४७० शाबूत असलेला, बाकी भंगार दिसणारा नग घ्यावा. एक ट्रान्सफॉर्मर गेलेला, पण पॉलिश केलेला नग सोडून द्यावा.

काय बदलायचं, काय राहू द्यायचं?

यावर जाणकारांमध्ये भांडणं होतात. एक गट म्हणतो, आतलं सगळं मूळचंच हवं. दुसरा म्हणतो, चॅसी आणि ट्रान्सफॉर्मर ठेवा, बाकी सगळं नवं. दोन्ही टोकं सोडली तरी एका मुद्द्यावर तडजोड नको. कपॅसिटर आणि सेलेनियम बदलायचेच. ते झिजणारे भाग आहेत, गाडीच्या टायरसारखे. जुन्या टायरवर गाडी चालवल्याने ती जास्त अस्सल होत नाही.

स्टिरिओ ७० मध्ये वर दिसणारा ॲल्युमिनियमचा उभा डबा म्हणजे एकात चार कपॅसिटर, ३०, २०, २० आणि २० मायक्रोफॅरडचे, ५२५ व्होल्टचे. कोणतं टोक कुठल्या भागाचं हे खाली त्रिकोण, चौकोन, अर्धवर्तुळ अशा खुणांनी दाखवलेलं असतं. तसाच डबा आजही नव्याने बनतो. इथे एक मोह होतो, की जागा आहे तर मोठ्या किमतीचा कपॅसिटर बसवू, हम कमी होईल. जीझेड३४ च्या नंतर येणारा पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही, ही खुद्द व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांनी दिलेली मर्यादा आहे. त्यापुढे गेलात तर चालू करतानाच्या झटक्यात व्हॉल्व्ह जातो. आणि जीझेड३४ महाग आहे म्हणून त्याजागी डायोड लावले, तर आतलं डीसी वाढतं आणि व्हॉल्व्ह गरम होण्याआधीच कपॅसिटरवर पूर्ण व्होल्टेज आदळतं. जुन्या डब्याला ते झेपत नाही.

७१९९ हा खरा वांधा. अमेरिकन कारखान्यांनी तो बनवणं कधीच बंद केलं आणि चांगले जुने महाग मिळतात. ६जीएच८ए हा त्याच कामाचा व्हॉल्व्ह आहे, पण पिनांची मांडणी वेगळी, त्यामुळे तो तसाच सॉकेटमध्ये खोचायचा नाही. मधे अडॅप्टर लागतो. त्यापेक्षा सहज मिळणाऱ्या व्हॉल्व्हचा नवा बोर्ड बसवावा, असं म्हणणारे बरेच आहेत. मूळ तपकिरी बोर्ड उष्णतेने काळा पडून त्यावरचे रेझिस्टर किमती सोडून भटकले असतील तर हे पटण्यासारखं आहे. बोर्ड ठीक असेल तर घाई कशाला? काढलेला प्रत्येक भाग मात्र पिशवीत घालून सोबत ठेवावा. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

आवडीनिवडीचा प्रश्न नसलेली एक गोष्ट राहिली. मूळ वायर दोन पिनी असते, अर्थिंगच नसतं. तीन पिनी वायर घालून चॅसीला अर्थ जोडायचा. जुनेपणाच्या नावाखाली यात सूट नाही.

मुंबई-पुण्यात चालवायचा तर?

हे ॲम्प्लिफायर अमेरिकेच्या विजेवर चालणारे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये असा नग थेट लावला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर दोन्ही काही क्षणांत जाऊ शकतात. अमेरिकेतून एखाद्या नातेवाइकाने हौसेने आणलेल्या नगाचा शेवट कित्येकदा असाच होतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, निदान ५०० व्हीएचा.

शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. त्याच व्होल्टेजला हर्ट्झ कमी झाले की ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावरचा भार वाढतो, आणि स्टिरिओ ७० चा पॉवर ट्रान्सफॉर्मर तसाही चांगलाच तापणारा म्हणून प्रसिद्ध आहे. सुदैवाने आपल्याकडचे स्टेप-डाउन बहुतेक ११० व्होल्टचे असतात आणि तेच इथे बरं. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ ऐवजी साधारण ५.८ ते ५.९ व्होल्ट मिळतात. तेवढं चालतं, आणि ट्रान्सफॉर्मर जरा थंड राहतो.

सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्स बाजार आहेच. रेझिस्टर, डायोड, वायर, टर्मिनल, फ्यूज सहज मिळतील. जास्त व्होल्टचे चांगले कपॅसिटर आणि आठ पिनी सिरॅमिक सॉकेट शोधावे लागतील. कपॅसिटर घेताना नुसता मायक्रोफॅरडचा आकडा बघू नका, व्होल्टचाही बघा. ४०० व्होल्टचा कपॅसिटर 'चालून जाईल' असं दुकानदार म्हणाला तरी घेऊ नका. तिथे ४०० च्या वरच व्होल्टेज आहे.

पहिल्यांदा वीज देताना

प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो. एक साधा पिवळा बल्ब, उपकरणाच्या सिरीजमध्ये. इथे तोच लागतो, आणि तो स्टेप-डाउनच्या आधी, २३० व्होल्टच्या बाजूला लावायचा. एलईडी बल्ब चालत नाही, तारेचाच हवा, १०० वॅटचा. व्हॉल्व्ह काढून ठेवायचे आणि वीज द्यायची. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर ठीक. तेजस्वीच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. डिमरस्टॅट असेल तर त्यानेही हळूहळू व्होल्टेज वाढवता येतं. पण जीझेड३४ चा हीटर पुरेसा तापेपर्यंत पुढे डीसी जातच नाही, हे ध्यानात ठेवा.

रेक्टिफायर बसवण्याआधी ईएल३४ च्या सॉकेटवर ग्रिडचं उणे व्होल्टेज चारही ठिकाणी मोजायचं. एका ठिकाणी जरी नसेल तरी पुढे जायचं नाही. मग व्हॉल्व्ह बसवून, स्पीकरच्या टोकांवर ८ ओहमचा जाड रेझिस्टर किंवा एखादा टाकाऊ स्पीकर जोडून चालू करायचं. टोकं मोकळी ठेवायची नाहीत. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला स्पीकर नसला तरी काही होत नाही, शॉर्ट झाला तर होतं. व्हॉल्व्हचं याच्या उलट आहे. मोकळ्या आउटपुटवर सिग्नल दिला तर ट्रान्सफॉर्मरच्या आत इतकं व्होल्टेज उसळतं की इन्सुलेशन फाटतं.

पुढच्या सॉकेटवर आता १.५६ हा प्रसिद्ध आकडा आणायचा. प्रत्येक चॅनलच्या दोन ईएल३४ च्या खाली मिळून १५.६ ओहमचा एकच रेझिस्टर आहे. त्यावर १.५६ व्होल्ट म्हणजे १०० मिलिॲम्पिअर, दर व्हॉल्व्हला ५०. साधा मल्टिमीटर असलेल्या माणसालाही जमेल अशी ही युक्ती, आणि किटच्या ग्राहकाचा विचार किती बारकाईने केला होता त्याचा उत्तम नमुना. पण त्यात एक फट आहे. जोडीतला एक व्हॉल्व्ह अशक्त झाला तर दुसरा ८० ओढतो, पहिला २०, आणि मीटर १.५६ च दाखवतो. म्हणून आजकाल बरेच जण दर व्हॉल्व्हला वेगळा १० ओहमचा रेझिस्टर लावतात आणि प्रत्येकावर अर्धा व्होल्ट बघतात. मूळ पद्धतच ठेवायची असेल तर निदान तो १५.६ चा रेझिस्टर आधी मोजून घ्या. तोच १८ झाला असेल तर मीटरवरचा आकडा खोटा.

ट्रान्झिस्टरची किट सापडली तर?

१९६६ मध्ये डायनाकोने ट्रान्झिस्टरचा स्टिरिओ १२० आणला, दर चॅनलला ६० वॅटचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हॅफलर यांच्या नव्या कंपनीचा डीएच-२०० हा मॉसफेटवाला ॲम्प्लिफायर किटमध्येच मिळू लागला. इथे व्होल्टेज कमी, धोका वेगळा. आउटपुटला मोठा कपॅसिटर नसलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये एक ट्रान्झिस्टर गेला की सगळं डीसी थेट स्पीकरवर. म्हणून स्पीकर जोडण्याआधी आउटपुटच्या टोकांवर डीसी मोजा. ते काही दहा मिलिव्होल्टच्या आसपास असावं, व्होल्टमध्ये नको.

आपल्याकडे याच काळात घरोघरी आणि मंडळांमध्ये असेंबल केलेले ॲम्प्लिफायर वाजले, आणि त्यातल्या अनेकांत २एन३०५५ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर होता. तो आजही नव्याने मिळतो, पण सुरुवातीचा आणि नंतरचा २एन३०५५ आतून वेगळा आहे. नंतरचा जास्त वेगवान. संथ ट्रान्झिस्टर धरून आखलेल्या जुन्या सर्किटमध्ये तो बसवला की ॲम्प्लिफायर कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर थरथरू लागतो. गाणं ठीक वाजतं, हीटसिंक मात्र विनाकारण तापत राहतं. नकली मालही भरपूर आहे, वर छाप तोच आणि आतली चिप नखाच्या टोकाएवढी. एका चॅनलचा ट्रान्झिस्टर गेला असेल तर दोन्ही चॅनलचे एकाच ठिकाणाहून घेऊन बदला, अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट नवी लावा, आणि चालू केल्यावर अर्ध्या तासाने दोन्ही हीटसिंकना हात लावून बघा. एकच बाजू जास्त गरम असेल तर काम अजून संपलेलं नाही.